मागचं बेअरिंग

माझ्या वडिलांना सगळे कानमिस्त्री म्हणत. बिघडलेल्या इंजिनापाशी गेले की ते हत्यारांची पेटी आधी उघडतच नसत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग म्हणायचे, दुसऱ्या सिलिंडरची पिन सैल झालीय. उघडल्यावर तीच सैल निघायची. आईचं म्हणणं असं, की इंजिनातली कुजबुज यांना ऐकू येते, स्वयंपाकघरातून मारलेली हाक तेवढी येत नाही.

आम्ही वर राहायचो, खाली कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं. एक लांबट खोली, एक लेथ, कोपऱ्यात भट्टी, भिंतीला टांगलेले पाने आणि कितीही पुसली तरी तेलकट राहणारी फरशी. आमच्या वह्यांना, कपड्यांना, एवढंच काय आईच्या केसांनाही त्या तेलाचा वास यायचा. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. तो त्याच फरशीवर रांगला, पण बाबांसारखा एका जागी तासन्‌तास उभा राहणारा नव्हता. त्याला माणसं लागायची, पाणी लागायचं. हाताखाली शिकून तयार झाला आणि नदीच्या पैलतीराला जाणाऱ्या लाँचवर ड्रायव्हर म्हणून लागला. लग्न झालं, वहिनी आली, घर भरलं.

लाँचचं इंजिन तेव्हाच जुनं होतं. दोन सिलिंडरचं, माणसाएवढ्या उंचीचं. सुरू होताना खोकायचं म्हणून लोक त्याला म्हातारी म्हणत. म्हातारीची देखभाल बाबांकडे होती. काही वर्षं गेली की ती पुरी उघडायची आणि झिजलेले भाग नवे करायचे. त्यातलं बेअरिंगचं काम मात्र बाबा कुणाला करू देत नसत. इंजिनाचा मुख्य दांडा ज्यात फिरतो ते हे बेअरिंग, वरून पितळेचं आणि आतून मऊ पांढऱ्या धातूचं अस्तर असलेलं. झिजलं की जुनं अस्तर वितळवून काढायचं, नवं ओतायचं आणि तीन धारांच्या पात्यानं तासून दांड्याला तंतोतंत बसवायचं. दांड्याला निळा रंग लावून फिरवला की तो जिथे जास्त टेकतो तिथे निळे डाग उमटतात. ते तासायचे, पुन्हा रंग लावायचा, पुन्हा तासायचं. दिवसच्या दिवस जायचे. दादाला हे काम कधी जमलं नाही, किंवा बाबांनी त्याला ते कधी जमू दिलं नाही. "तुझा हात घाईचा आहे," एवढंच म्हणायचे.

अशाच एका मोठ्या दुरुस्तीच्या वेळी आई स्वयंपाकघरात पडली. मी धावत खाली गेले तेव्हा बाबा मागच्या बेअरिंगवर वाकलेले होते. हातातलं पातं तिथंच टाकून ते वर आले. आईची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. पुढचे काही दिवस बाबा दवाखान्यातच होते. मग लाँचचा मालक दाराशी येऊन उभा राहिला. बिचारा काही वाईट माणूस नव्हता. पलीकडच्या लोकांचे हाल होतायत, एवढंच सांगत होता. बाबांनी उरलेलं काम उरकलं, धक्क्यावर जाऊन इंजिन बांधलं. म्हातारी खोकली आणि चालायला लागली.

त्यानंतर काही आठवड्यांनी भर दुपारी, नदीच्या मधोमध, इंजिन जाम झालं. पाण्याला ओढ होती. लाँच वाहत गेली आणि खालच्या अंगाला असलेल्या अरुंद पुलाच्या खांबावर आदळली. लाँचवर दोर सांभाळायला एकजण असायचा. त्याला आम्ही गाठीकाका म्हणायचो. लाँच खांबावर जायला लागलेली पाहून तो हातात लांब वासा घेऊन पुढे झाला, तिला ढकलून धरायला. तो लाँच आणि खांबाच्या मध्ये सापडला. बाकी सगळे वाचले. लाँच काठाजवळच्या उथळ पाण्यात जाऊन बसली आणि इंजिनात गाळ भरला.

धक्क्याच्या कचेरीत चौकशी झाली. प्रवाशांनी सांगितलं की इंजिन थांबलं तेव्हा ड्रायव्हर खाली इंजिनापाशी नव्हता, वर डेकवर होता. दादानं ते कबूल केलं. तेल घातलं होतं का, असं विचारल्यावर म्हणाला, घातलं होतं, सकाळीच. पण इंजिनावर बसवलेल्या तेलाच्या डब्यातही नदीचं पाणी भरलं होतं, तेव्हा खरं-खोटं कुणी करायचं? शेवटी बाबांना विचारलं. मी मागच्या बाकावर बसले होते. बाबा उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली.

"ते बेअरिंग मी स्वतः बसवलंय," ते म्हणाले. "तेल मिळालं असतं तर ते जळलं नसतं."

त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. इंजिन उघडून बघायची गरजही कुणाला वाटली नाही. कानमिस्त्री पोटच्या पोराविरुद्ध बोलले, म्हणजे ते खरंच असणार. लोकांनी बाबांचं कौतुक केलं, हे मला अजून आठवतं. एका गृहस्थांनी त्यांना रस्त्यात थांबवून सांगितलं की अशी माणसं आता राहिली नाहीत.

दादाचं लायसन्स गेलं. गाठीकाकाच्या बायकोनं, आमच्या काकूनं, त्याला भर रस्त्यात सुनावलं की तुझं तोंड मला पुन्हा दाखवू नकोस. दादानं ते शब्दशः पाळलं. ती समोरून दिसली की तो गल्ली बदलायचा. घरात बाप-लेक एकाच टेबलाशी जेवायचे, पण मान वर न करता. दोघं कडाकडा भांडले असते तर बरं झालं असतं. बाबा एकदाही त्याला रागावले नाहीत आणि एकदाही त्याच्याशी त्या दिवसाबद्दल बोलले नाहीत. जे बोलायचं ते कचेरीत बोलून झालं, असं त्यांना वाटत असावं. मग एक दिवस दादा वहिनीला घेऊन दुसऱ्या गावी निघून गेला. जिन्यात पाय वाजले की आई मान दाराकडे वळवायची. कोण आलं ते मी तिला सांगायचे. दोन वर्षांनी ती गेली. तेव्हा दादा आला, कुणाशी फार न बोलता थांबला आणि परत गेला.

वर्षं गेली. मी औषधांच्या दुकानात नोकरीला लागले आणि बाबांजवळच राहिले. पूल रुंद झाला, लाँच बंद पडली. बाबांचं कामही हळूहळू कमी झालं; नव्या इंजिनांना दुरुस्त करायचं नसतं, भाग काढायचा आणि दुसरा घालायचा. पण कारखाना ते रोज उघडत, लेथवरची धूळ पुसत आणि खुर्ची दारात टाकून बसत.

अशात एक दिवस दाताचे डॉक्टर आले. गावातल्या निम्म्या लोकांच्या दाढा त्यांनी उपटलेल्या. आता दवाखाना बंद करून त्यांनी जुनी इंजिनं गोळा करायचा नाद धरला होता. घरामागे पत्र्याची शेड बांधली होती. तोंड उघडं टाकून गप्प बसणाऱ्या पेशंटची सवय, म्हणून इंजिनांशी आपलं जमतं, असं ते स्वतःच सांगायचे. भंगारवाल्याच्या आवारात, फाटक्या ताडपत्रीखाली, त्यांना म्हातारी सापडली होती. जशी गाळातून काढली तशीच, जाम झालेली, न उघडलेली. तिला पुन्हा चालती करायची, आणि ते काम बाबांनीच करावं, अशी त्यांची फार इच्छा होती. मागची हकीकत त्यांना ठाऊक नव्हती. ते गावात नंतर आले होते.

बाबा नाही म्हणतील असं मला वाटलं. पण त्यांनी दांडा कापलेला तर नाही ना, असं विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, "आणा."

मी नंतर विचारलं, "कशाला घेतलंत हे?"

"दुसरं कोण करणार?" म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मला एक प्रकारची तरतरी दिसली. बऱ्याच वर्षांनी हाताला काम मिळत होतं.

इंजिन ट्रकमधून आलं. डॉक्टर रोज सकाळी यायचे, जुने कपडे घालून स्टुलावर बसायचे आणि बाबा देतील तो भाग रॉकेलमध्ये घासायचे. गंजलेले नट गरम करून, तेल पाजून, समजूत काढल्यासारखे सोडवावे लागत. डॉक्टर जोर करायला लागले की बाबा म्हणायचे, "दाढ नाही ती डॉक्टर, हळू." घरात पुन्हा तो तेलाचा वास भरला. मला खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

त्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी आले तर बाबा बाकापाशी उभे होते आणि डॉक्टर हातातलं काम सोडून त्यांच्याकडे बघत होते. बाकावर मागच्या बेअरिंगचं वरचं झाकण पालथं ठेवलेलं. आतला पांढरा धातू वितळून, पसरून, काळा पडलेला.

"इकडे ये," बाबा म्हणाले. "हे बघ. मला नीट दिसत नाहीय."

झाकणाच्या मधोमध तेलाचं भोक असतं. डब्यातून आलेली नळी वरून तिथे जोडतात आणि त्यातून तेल खाली दांड्यावर उतरतं. त्या भोकात काहीतरी होतं. बाबांनी तारेचा आकडा करून ते ओढून काढलं होतं. काळा, घट्ट बोळा, एका टोकाला जळलेला. मी तो रॉकेलच्या डबड्यात बुडवून बोटांनी उलगडला. काळं निघून गेलं तसे निळे-पांढरे चौकडे दिसायला लागले. माझ्या शाळेच्या फ्रॉकचं कापड होतं ते. फ्रॉक आखूड झाल्यावर आईनं कारखान्यासाठी फाडून दिला होता.

मी सांगितलं, तसे बाबा खुर्चीवर बसले. मग डॉक्टरांना समजावं म्हणून त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, कचेरीत उभे राहून बोलले होते तशाच आवाजात. बेअरिंग तासताना धातूचा कीस भोकात जाऊ नये म्हणून त्यात कापडाचा बोळा घालतात. काम झालं की काढायचा. हा काढला नव्हता. कापडातून झिरपून थोडंफार तेल जात राहिलं असणार, म्हणून इंजिन काही आठवडे चाललं. पुढे कापडात घाण साचली आणि तेल बंद झालं. वर डबा भरलेला असला तरी इथे थेंब पोचत नव्हता.

"बेअरिंगला हात कुणाचा लागायचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझाच."

मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी आई पडली होती. तुम्ही अर्ध्यातून उठून आला होतात."

"कारण होतं म्हणून बोळा आपोआप निघत नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाड्याच्या गाडीनं दादाकडे निघालो. बाबांनी तो बोळा कागदात गुंडाळून घेतला होता आणि वाटभर मांडीवर धरून होते. मी बरोबर घेतलेला जेवणाचा डबा त्यांनी उघडला नाही. मध्ये एकदा विचारलं, "त्याला चष्मा लागलाय का गं?" मला माहीत नव्हतं.

दादा एका शीतगृहाच्या फाटकावर पहारेकरी होता. राहायला मागच्या बाजूला दोन खोल्या. एक भिंत शीतगृहाची, तिला हात लावला तर गार लागायची. वहिनीनं त्या बाजूला कपाट लावून ठेवलं होतं. आम्हाला असं अवचित दारात पाहून ती घाबरली, कुणाचं काय झालं म्हणून. दादा जाड कोट घालूनच आला. त्याचे केस माझ्या आठवणीपेक्षा कितीतरी पांढरे झाले होते. बसा म्हणाला. बाबा बसले नाहीत. त्यांनी टेबलावर कागद उलगडला.

"मागच्या बेअरिंगच्या भोकात निघाला. काढायचा मी विसरलो होतो," ते म्हणाले. "तेल तू घातलं होतंस."

दादानं बोळा उचलला, बोटांत फिरवून पाहिला. ड्रायव्हरच होता तो. त्याला जास्त सांगावं लागलं नाही. त्यानं बोळा होता तसा कागदावर ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसला. मला वाटलं आता तो चिडेल. चिडायला हवं होतं.

"सुरुवातीला मला स्वच्छ आठवायचं, बाबा," तो म्हणाला. "तेलाचा कॅन हातात धरलेला, डब्यात ओतलेलं, हात पँटला पुसलेला. मग वाटायला लागलं, ते आदल्या दिवशीचं असेल. तुम्ही म्हणालात तेल नव्हतं, म्हणजे नसणारच. इंजिनाच्या बाबतीत तुमचं कधी चुकायचं नाही. पुढे पुढे तर मला तो रिकामा डबासुद्धा आठवायला लागला. गाठीकाकाला मी मारलं, असंच धरून चाललो होतो मी."

वहिनीनं आतली शेगडी बंद केली. बाहेर येऊन ती बाबांकडे न बघता मला म्हणाली, "मी किती वेळा म्हटलं यांना, तुम्ही घातलं असेल हो तेल. मला म्हणायचे, तुला इंजिनातलं काय कळतं."

बाबा म्हणाले, "माफ कर म्हणायलाही मला तोंड नाही."

"असं नका बोलू," दादा म्हणाला. मग त्यानं कोटाची बटणं लावली. "माझी ड्युटी आहे. जेवून जा तुम्ही."

आम्ही निघालो तेव्हा तो फाटकाजवळच्या केबिनमधून बाहेर आला आणि बाबांना धरून गाडीत बसवलं. बाबांनी त्याचा हात सोडला नाही. चल घरी, म्हणाले, दोघं मिळून बांधू म्हातारीला. बेअरिंग तू तास, मी नुसता बसतो.

"नको बाबा," दादा म्हणाला. "आता मी पाना हातात घेत नाही." त्यानं हळूच हात सोडवून घेतला आणि गाडीचं दार लावलं.

परत आल्यावर बाबा भेटेल त्याला सांगत सुटले. चूक माझी होती, पोराची नव्हती. बऱ्याचजणांना काही आठवत नव्हतं. एकानं विचारलं, कुठली लाँच? जे जुने होते ते म्हणाले, गेलं ते गेलं मिस्त्री, आता कशाला उकरता. धक्क्याच्या कचेरीतली माणसं केव्हाच बदलली होती. तिथल्या साहेबानं बाबांना पाणी दिलं आणि उन्हात फिरू नका असा सल्ला दिला. काकूकडेही ते गेले. मी सोबत होते. तिनं दारातच उभं राहून ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलाला सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

बाबांनी टोपी काढून हातात घेतली. काकू आत निघून गेली. दार तिनं आपटलं नाही, नुसतं लोटलं.

मला वाटलं आता ते म्हातारीला हात लावणार नाहीत. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी भट्टी पेटवली. दांड्यावर खोल चरे पडले होते आणि त्याची गोलाई बिघडली होती. तो मोठ्या लेथवर पाठवून सारखा करून आणला. दांडा बारीक झाला म्हणून अस्तर जाड ओतावं लागलं. पातं हातात घेतलं की बाबांचा हात अजून तसाच सावकाश चालायचा. नजरेनं मात्र दगा दिला होता. निळे डाग त्यांना दिसत नव्हते. मी दुकानातून आले की बाकाशी उभी राहायचे आणि ते विचारायचे, "कुठे आहे?"

"डाव्या कडेला, वर. आणि मध्ये थोडंसं."

"मध्ये किती?"

"मुगाएवढं."

तेवढंच तासायचे आणि पुन्हा दांडा फिरवायचे.

झाकण बसवायची वेळ आली तेव्हा त्यांनी भोकातून तार आरपार घातली. मग मला घालायला लावली. मग डॉक्टरांना. झाकण बसवून नट आवळले, नळी जोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर त्यांनी ते सगळं पुन्हा सोडलेलं होतं. असं त्यांनी कितीदा तरी केलं. डॉक्टर आपले दर वेळी पाना घेऊन समोर बसायचे आणि नट सोडवायला हात लावायचे. त्या माणसाचे उपकार मी कधी विसरणार नाही.

म्हातारी डॉक्टरांच्या शेडमध्ये सुरू झाली. दहा-वीस माणसं जमली होती. ती खोकली, पांढरा धूर सोडला आणि लागली ठोके द्यायला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी कौतुकानं बाबांच्या हातात लांब स्क्रूड्रायव्हर दिला, की मिस्त्री, ऐका आता. बाबांनी तो तसाच बाजूला ठेवला.

"माझ्या कानांवर विसंबू नका," ते म्हणाले.

दादाला कळवलं होतं. तो आला नाही. वहिनीचा फोन आला, सुट्टी मिळाली नाही म्हणून.

बाबा त्यानंतर वर्षभरच होते. छातीत कफ झाला आणि उतरलाच नाही. दादा आला, या वेळी राहायला आला. दवाखान्यात मी सकाळी बसायचे, तो दुपारनंतर. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. एकदा मी आत गेले तर दादा बाबांची नखं कापत होता. बाबांच्या नखांतलं काळं आयुष्यभर निघालं नव्हतं. तो एकेक बोट धरून सावकाश, कडेकडेनं कापत होता, अजिबात घाई न करता. बाबा डोळे मिटून पडले होते, पण जागे होते.

सगळं आटोपल्यावर कारखाना रिकामा करायला दादा चार दिवस थांबला. हत्यारं डॉक्टरांनी नेली. दादानं स्वतःसाठी काही ठेवलं नाही. शेवटच्या दिवशी दुपारी हात धुताना त्यानं मला विचारलं, "काकू कुठे राहते आता?"

मी त्याला घेऊन गेले. इस्त्रीच्या दुकानामागे तळमजल्यावरची तिची खोली. दार तिनंच उघडलं. दादा पायरीच्या खालीच थांबला, आपण कोण ते सांगितलं आणि तोंड बाजूला करून उभा राहिला. काकूनं त्याला बराच वेळ न्याहाळलं.

"वडील गेले तुझे. कळलं मला," ती म्हणाली. "आत ये."

आत एक खाट आणि दोन खुर्च्या होत्या. तिनं चूक-बरोबर काही काढलं नाही. माझं जरा चुकलं, असंही म्हणाली नाही. दादाच्या समोर बसली आणि विचारलं, "त्या वेळी तू वर होतास ना, डेकवर? त्याच्याजवळ?"

"हो."

"काय बोलत होता तो?" लगेच पुढे ती म्हणाली, "इतकी वर्षं मला हे विचारायचंय. पण विचारणार कुणाला? तिथे तूच होतास, आणि तुलाच मी हाकललं."

दादानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बूट चावत होते त्यांना. नवे होते. त्यासाठीच मला वर बोलावलं. म्हणाले, बायकोनं घेतलेत म्हणून सांगता येत नाही आणि पायात घालून चालता येत नाही. एक काढून माझ्या हातात दिला, जरा ताणून दे म्हणून. मी तो ताणत होतो. हसत होतो आम्ही. तेवढ्यात इंजिन थांबलं."

काकू पुढे सरकून बसली.

"मला एकच बूट मिळाला," ती म्हणाली. "मला वाटलं, दुसरा नदीत निघाला पायातून."

"नाही. काढलेला होता."

"मोठा नंबर दुकानात नव्हता," काकू म्हणाली. "मी म्हटलं, चामडं आहे, होईल सैल." मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "मला सांगायचं की मेल्यानं. बदलून आणले असते."

दादा नंतर बराच वेळ बोलत होता. गाठीकाका कसल्या कसल्या गाठी मारायचा, तिकीट न काढणाऱ्यांना कसा पकडायचा, लाँचच्या मालकाची नक्कल कशी करायचा. त्याला इतकं बोलताना मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. काकू मधून मधून "हो का?" म्हणायची आणि पुढे सांग म्हणून वाट बघत राहायची.